लॉकडाऊनचा स्थिर आकार आता का भरायचा?

प्रश्न : भोसरीत माझं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते पूर्ण बंद होतं. आता वीज कंपनीने त्या काळाचा स्थिर आकार, सरासरीची युनिटं आणि व्याज मिळून ९४ हजारांची थकबाकी दाखवून वीज तोडण्याची नोटीस दिली आहे. शटर बंद असताना बिल कसलं?

उत्तर : ‘बंद होतं म्हणून देणं नाही’ हा मुद्दा मनाला पटतो, पण स्थिर आकारापुरता तो टिकणार नाही. राज्य वीज नियामक आयोगाने ३० मार्च २०२० ला औद्योगिक आणि व्यावसायिक ग्राहकांना तीन बिलांचा स्थिर आकार पुढे ढकलून दिला होता, माफ केला नव्हता. कारण सरळ आहे. मागणी कोसळली तरी दीर्घ मुदतीच्या करारांनुसार वितरण कंपनीला वीजकेंद्रांचा क्षमता आकार, म्हणजे केंद्र तयार ठेवण्याचा ठरलेला खर्च, द्यावाच लागतो, वीज उचलली नाही तरी. तुमचा स्थिर आकार हा त्याच खर्चाचा वाटा. लॉकडाऊन ही दैवी आपत्ती होती म्हणून देणं नाही, हा युक्तिवाद इथे नुसता वेळ खाईल.

लढा हिशेबावर द्या. आधी उपविभागीय कार्यालयाकडे लेखी अर्ज करून जानेवारी २०२० पासूनचा सीपीएल, म्हणजे तुमचा खातेउतारा, मागा. पोच घ्या. तीन गोष्टी तपासा. एक, रीडिंग बंद असताना लावलेली सरासरी युनिटं नंतरच्या प्रत्यक्ष रीडिंगमधून वजा झाली का? बंद वर्कशॉपला आधीच्या चालू महिन्यांची सरासरी लागते, आणि नेमकी इथेच रक्कम फुगते. दोन, १ एप्रिल २०२० पासून दर बदलले. मार्चअखेरपर्यंतची युनिटं जुन्या दराने धरली का? तीन, ज्या काळात स्थिर आकार भरणं पुढे ढकललं होतं त्या काळाचं व्याज कसं लागलं, हे लेखी विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं कलम ५६(२), विद्युत कायदा २००३. रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनी ती वसूल करता येत नाही, ती प्रत्येक बिलात थकबाकी म्हणून सलग दाखवलेली नसेल तर. म्हणून जुनी बिलं काढा आणि ही रक्कम मधेच गायब झाली होती का ते पाहा. मात्र फार हुरळू नका : रहमतुल्ला खान प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुदत संपल्यावर वीज तोडता येत नाही, पण इतर मार्गाने वसुली करायला आडकाठी नाही. शिवाय १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ न्यायालयीन मुदतीतून वगळलेला आहे. हा काळ दोन वर्षांत मोजू नका, असा मुद्दा कंपनीचा वकील काढणारच.

वीज तोडण्याआधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. तारीख मोजा. वाद निकाली निघेपर्यंत पुरवठा टिकवायचा असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरा. पावतीसोबतच्या पत्रात हे शब्द लिहायला विसरू नका. नुसती रक्कम भरलीत तर थकबाकी कबूल केल्यासारखं दिसतं.

त्यानंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रार करा. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. २०२० चं कारण धराल तर मुदतीवर अडकाल, म्हणून आताची नोटीस हेच कारण आहे असं मांडा. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. वर्कशॉप आजही कमी चालत असेल तर मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला मंजूर झालेली वीजक्षमता, कमी करायचा अर्ज आजच टाका. तो मागील तारखेपासून लागू होत नाही.