तसूभर शिपाई

प्रश्न असा आहे: टेबलावर छोटे शिपाई मांडून खेळतात त्या युद्धखेळांतल्या '28 एमएम स्केल'ला मराठीत काय म्हणावं? आणि शिपायाची उंची एमएममध्ये, चाल मात्र इंचात, ही सरमिसळ चूक नाही का?

'28 एमएम स्केल' मराठीत आणायची घाई नको, ते इंग्रजीतच बिघडलेलं आहे. स्केल म्हणजे प्रमाण, आणि प्रमाणाला दोन आकडे लागतात: 1:56, 1:72. 28 एमएम ही नुसती उंची झाली. तीही रूढ पद्धतीत तळपायापासून डोळ्यांपर्यंत, कारण शिरस्त्राण आणि तुरे घडवणाऱ्याच्या मर्जीवर असतात. खऱ्या माणसाचे डोळे 1.6 मीटरवर धरले तर प्रमाण 1:57 च्या आसपास येतं. पण काहीजण डोक्याच्या टोकापर्यंत मोजतात आणि तेही 28 च म्हणतात, मग दोन ठिकाणांहून घेतलेले शिपाई एका रांगेत काका-पुतणे दिसतात. त्यात आपल्याकडे स्केल म्हणजे कंपासपेटीतली पट्टी! 'स्केल काय आहे?' असं विचारलं की नवखा 'तीस सेंटिमीटर' म्हणून मोकळा होतो. तेव्हा 'उंची 28 एमएम' म्हणा आणि 'प्रमाण' हा शब्द 1:56 साठी राखून ठेवा. शुद्धीवाल्यांची 'लघुप्रतिमा' मला मान्य नाही. प्रतिमेपुढे उदबत्ती लावतात, इथे फासा पडला की ती उचलून बाजूला ठेवायची असते.

सरमिसळीचं म्हणाल तर प्लायवुडच्या दुकानात जाऊन 'आठ बाय चार, बारा एमएम' मागून बघा. लांबी-रुंदी फुटांत, जाडी एमएममध्ये, आणि अख्ख्या मुंबईत कोणाची हरकत नाही. वॉरहॅमर 40,000 हा खेळ 1987 साली ब्रिटनमध्ये आला तो इंच घेऊनच. तो काढणाऱ्याच कंपनीच्या बॅटलफ्लीट गॉथिक या खेळात अंतरं सेंटिमीटरांत आहेत. शीटचा विषय निघालाच आहे तर: आठ बाय चारमधून 60 बाय 44 इंचांचं खेळाचं टेबल कापलं की 36 बाय 48 चा तुकडा उरतो, आणि त्यातून 44 बाय 30 चं छोटं टेबलही निघतं. करवतीने एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग खाल्ला तरी पुरतं.

घोटाळा होतो तो 'इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर' या समजुतीने. 1959 च्या करारापासून इंच बरोब्बर 25.4 एमएम आहे. 24 इंचांचा पल्ला 60 सेंटिमीटर धरला तर साडेनऊ एमएम हरवतात, आणि 'लागला की नाही लागला' हे भांडण तेवढ्यावरच पेटतं. दुसरी चूक याहून महाग. चाल मोजताना टेप बेसच्या, म्हणजे शिपायाच्या पायाखालच्या चकतीच्या, पुढच्या कडेला लावायची आणि शिपाई टेपच्या आकड्यापलीकडे ठेवायचा. 32 एमएमच्या बेसवर यात सव्वा इंच फुकट मिळतो, सहाची चाल सव्वासात होते. पुढची कड ते पुढची कड मोजा. शाळेतली फूटपट्टी वापरणार असाल तर तिचं शून्य कडेपासून थोडं आत असतं, तेही बघा.

आता खरी गंमत. 'इंच' हे मुळात लांबीचं नावच नाही. लॅटिन 'उन्किया' म्हणजे बारावा हिस्सा, कशाचाही. फुटाचा बारावा तो इंच, आणि त्याच शब्दाचा वजनातला भाऊ औंस. आणि आपला तसू? तोही हिस्साच! फारसी 'तसू' म्हणजे चोविसावा भाग. 'दांग' हा सहावा हिस्सा, त्याचा पाव म्हणजे तसू. मध्य फारसीत 'तसुम' म्हणजे चौथा, म्हणजे तसूतला 'तस' आपल्या 'चतुर्'चा लांबचा नातलग. अकबराच्या इलाही गजाचेही 24 तसूच होते. 'तसूभरही हटणार नाही' म्हणणारे पुढारी खरं तर गजाचा चोविसावा भाग पणाला लावत असतात.

आणि इथे 'तसू म्हणजे इंच' असं ठोकून देणाऱ्यांशी माझं भांडण आहे. जुन्या मुंबईचा गज 27 इंचांचा. भागा 24 ने: सव्वा नव्हे, एक नि एक-अष्टमांश इंच, म्हणजे 28.6 एमएम! ज्या उंचीसाठी प्रश्नकर्ते मराठी शब्द शोधताहेत ती मुंबईच्या बाजारात कापड मोजताना रोज तोंडी होती. 'तसूभर शिपाई' म्हणा, अर्ध्या एमएमचा फरक रंगाच्या थरात जिरेल. योगायोग आहे हे कबूल, पण असा योगायोग मी सोडणार नाही. कुणी 'अंगुळ' सुचवलं तर तिथेच थांबवा. 18 इंची हाताची 24 अंगुळं, म्हणजे एक अंगुळ पाऊण इंच. तेवढ्यात शिपाई कमरेच्या थोडा वर येतो, बस्स.

फक्त नियमातले इंच तसूंत बदलायला जाऊ नका. 24 इंचांचे 21⅓ तसू होतात, आणि तसूची टेप आता मुंबईच्या अवजार-बाजारात, नागदेवी स्ट्रीटवरही मिळायची नाही.