पिंप का वाहिलं, ते विचार

सोलापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडकुंडीला आली होतीस. एका मुलाच्या आईवडिलांना तू एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाण्याची मेंदूची अडचण, पाऊण तास समजावलीस, मेंदूचं चित्र काढून दाखवलंस, आणि शेवटी मुलाचे वडील म्हणाले, "म्हणजे मार कमी पडायलाय म्हणा की." मला हसू आलं, राग मानू नकोस. या कामातलं माझं पहिलं वर्षही असंच गेलं होतं. तेव्हा घाईत होते, म्हणून आता सवडीनं लिहितेय.

"हा असा का वागतो?" असं आईवडील विचारतात तेव्हा त्यांना डोपामिन या मेंदूतल्या रसायनाबद्दल ऐकायचं नसतं. त्यांना विचारायचं असतं, "चूक कुणाची?" तेवढं तोंडातून निघत नाही. संस्कार कमी पडले, लाड केले, मोबाइल दिला, आई कामाला जाते, हे सगळं शेजारपाजाऱ्यांनी आधीच बोलून झालेलं असतं. शेजाऱ्यांनाही फार दोष देऊ नये. 1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं अशा मुलांचं वर्णन केलं. मुलं बुद्धीनं ठीक, पण स्वतःला आवरता येत नाही. त्यानंही त्याला 'नैतिक ताब्यातला दोष' म्हटलं होतं. साखर पेठेतली आजी वेगळं काय म्हणते?

तेव्हा ते चित्र बाजूला ठेव आणि एक प्रसंग मागून घे. कालचा किंवा परवाचा, शक्यतो ज्यात मार बसला तो.

मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक कुटुंब आलं. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते, मुलगा नऊ वर्षांचा. आल्या आल्या त्यानं माझा स्टेपलर तीनदा उघडला, मग खुर्चीच्या मागच्या दोन पायांवर झुलायला लागला. आई म्हणाली, "एका जागी बसंनाच झालाय बघा." मी म्हटलं, शेवटचा मार कधी बसला? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग पाण्याच्या दिवसाची गोष्ट निघाली.

चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा आपल्या गल्ल्यांमध्ये काय धांदल असते, ते तुला सांगायला नको. आईनं पोराला पाइप दिला. "पिंपात धर, भरलं की हाक मार." ती मागच्या बाजूला घागरी भरायला गेली. परत येऊन बघते तर पिंप भरून पाणी गटारीला चाललेलं, पाइप जमिनीवर, आणि पोरगं कोपऱ्यावर कुणाची तरी मोटरसायकल दुरुस्त होताना बघत उभं. वडिलांनी "काय बे, पाणी फुकटचं आहे का?" म्हणत दोन दिल्या.

आता बघ, त्या पोराला नियम ठाऊक होता. मी विचारल्यावर त्यानं घडाघडा म्हणून दाखवला. पाण्याची किंमतही त्याला माहीत होती. मग मी त्यालाच विचारलं, पाइप हातात होता तिथपासून सांग, पुढं काय झालं? हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "पिंप लई सावकाश भरत होतं."

आपल्या पाठ्यपुस्तकातलं अर्धं प्रकरण या वाक्यात आलं. संथ, रटाळ वाट पाहणं या मुलांना इतरांपेक्षा फार जड जातं, कारण ज्याचं फळ उशिरा मिळणार त्यात मन गुंतवून ठेवणारी मेंदूतली यंत्रणा त्यांच्यात वेगळ्या तऱ्हेनं चालते. समोर काही चमकलं की पाऊल उचललं जातं. "थांब" म्हणणारा आतला आवाज येतो, पण पाऊल पडून गेल्यावर. आणि चालताना "भरलं की हाक मार" एवढी चिठ्ठी डोक्यातून गळून पडते. तो मुद्दाम गेला नाही, विसरभोळाही नाही. माहीत असणं आणि त्या क्षणी ते करता येणं यांच्यामधला पूल कच्चा आहे, एवढंच.

हे मी सांगत असताना वडील मध्येच म्हणाले, "मॅडम, आमच्या मागाला एक कळ असते. आडवा धागा तुटला, कांडी संपली, की माग आपोआप बंद पडतो. कळ ढिली झाली की धोटा नुसताच इकडून तिकडं पळतो अन् कापडाची वाट लागते."

मी विचारलं, मग तेव्हा तुम्ही काय करता?

"नीट होईपर्यंत शेजारी उभं राहायचं. दुसरं काय करणार?"

एवढं बोलून ते स्वतःच गप्प झाले. मीही गप्प बसले. अशा वेळी आपण बोलायचं नसतं, हे शिकायला मला दहा वर्षं लागली. आणि हो, मागाचा दाखला आता सगळ्यांना वाटत सुटू नकोस. तो त्या माणसाला त्याच्या हातातल्या कामातून सुचला, म्हणून पटला. जुळे सोलापुरातल्या बँकेतल्या बाईंना तो सांगितलास तर त्या नुसती मान डोलावतील.

"पण कळ ढिली का?" हा प्रश्न मग येतोच. तिथं थोडं शास्त्र चालतं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थच्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूचे स्कॅन वर्षानुवर्षं तपासले. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी इतर मुलांमध्ये साधारण साडेसाताव्या वर्षी शिखर गाठते, ती एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाच्या सुमारास, आणि सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या, स्वतःला आवरणाऱ्या भागात. आईवडिलांना मी एवढंच म्हणते, आवरण्याच्या बाबतीत याला दोन-तीन वर्षांनी लहान समजून वागा. सहा वर्षांच्या पोराला तुम्ही भरत्या पिंपापाशी एकटं सोडलं असतं का? पण लगेच हेही सांग की हे पुष्कळ मुलांचं मिळून काढलेलं चित्र आहे. दहावं वर्ष लागलं की सगळं सुरळीत होईल असा त्याचा अर्थ नाही, अनेकांची अडचण मोठेपणीही उरते. आणि एमआरआय काढून एडीएचडीचं निदान होत नाही. कर्ज काढून स्कॅन करायला निघालेले लोक मी पाहिलेत.

आनुवंशिकतेबद्दल मात्र जपून बोल. इथं माझ्या हातून मोठी चूक झालेली आहे. सुरुवातीच्या काळात मी एका बाईंना, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना, मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं की हे बरंचसं रक्तातून येतं. मला वाटलं, बिचारीच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. सासूबाई घरी जाऊन म्हणाल्या, तिच्या माहेरचंच खूळ आहे. पुढचे सहा महिने त्या बाई माझ्याकडे फिरकल्या नाहीत. मी सांगितलं ते खोटं नव्हतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून मुलामुलांतल्या फरकाचा सुमारे 70 ते 80 टक्के वाटा जनुकांकडे जातो, उंचीसारखाच. पण आमच्या घरांमध्ये 'आनुवंशिक' म्हटलं की लोक लगेच कुणाच्या बाजूचं ते शोधतात.

आता मी नुसतं विचारते, लहानपणी घरात असं कोण होतं? बहुतेक वेळा वडीलच ओशाळं हसतात. सातवीत शाळा सोडलेली, गड्ड्याच्या यात्रेत दोनदा हरवलेले, गुरुजींचा सगळ्यात जास्त मार खाल्लेले. अशा बापाला पोराबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

त्या विडीवाल्या आईनं जाताना दारातून हळूच विचारलं, "पोटात होता तेव्हा मी तंबाखूत बसायची. त्यानं झालं का?" गरोदरपणातलं धूम्रपान, दारू, शिसं, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, यांचा एडीएचडीशी संबंध दिसतो हे तू वाचलं आहेस. पण एका विशिष्ट मुलाच्या बाबतीत बोट ठेवून 'यामुळेच' असं कुणालाही म्हणता येत नाही. मी तिला तेवढंच सांगितलं. असा प्रश्न आला की खुर्ची सोडून उठ आणि दारापर्यंत जाऊन उत्तर दे.

मोबाइलचा मुद्दा तुझ्याकडे आलाच असेल. "दोन तास गेम खेळतो की! मग लक्ष नाही कसं म्हणता?" गेम दर काही सेकंदांनी बक्षीस देतो, वही सहामाहीला देते. मी म्हणते, याचा मेंदू रोजंदारीवर आहे, तुम्ही त्याला दिवाळीच्या बोनसवर राबवताय. लगेच कळतं. मोबाइलनं झोप आणि अभ्यास बिघडतो हे खरंच, पण एडीएचडी त्यानं निर्माण झाला असं ठरवून घरात युद्ध पेटवू देऊ नकोस. साखरेचंही तसंच. गोड खाल्ल्यानं मुलं उधळतात हा समज चाचण्यांमध्ये टिकलेला नाही.

खरं तर हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं: प्रत्येक चुळबुळ्या पोराला एडीएचडी नसतो. कान, डोळे, रात्रीचं घोरणं, रक्तातलं लोह बघून घ्यायला सांग. क्षणभर टक लावून हरवत असेल तर फिट्सची शंका आधी. आणि आपल्या गावाची एक खास गोष्ट. घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, शाळा इंग्रजी. अशा मुलाला बाई काय म्हणतात तेच कळत नसेल तर ते खिडकीबाहेरच बघणार. घरात रोज दारूवरून भांडण होत असेल तर तेही वर्गात चुळबुळ करणार. त्रास घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे का, बारा वर्षांच्या आधीपासून आहे का, सहा महिन्यांहून जास्त टिकलाय का, हे नीट लिहून काढ आणि निदान डॉक्टरांवर सोड. औषधाचा निर्णयही त्यांचाच. तू फक्त "झोपेची गोळी देतात" ही भीती काढ. शांत बसून स्वप्नात हरवणाऱ्या मुलींकडेही लक्ष ठेव. त्यांच्यामुळे पिंप वाहत नाही, म्हणून त्यांना कुणी आपल्याकडे आणत नाही.

फोनवर सांगितलेल्या त्या मुलाच्या वडिलांना पुन्हा बोलव. आजवर मारलं त्याचा परिणाम किती दिवस टिकला, एवढाच प्रश्न विचार आणि त्यांना हिशोब करू दे. मग प्रसंग मागून घे.

पिंपवाल्या घरी आता आईनं पिंपाला चार बोटं खाली लाल चिकटपट्टी लावली आहे, आणि ती सूप घेऊन तिथंच उंबऱ्यावर वळायला बसते. मागच्या आठवड्यात पाणी पुन्हा वाहिलं. पण या वेळी पोरगं पळत येऊन म्हणालं, "आई, वाहिलं." उशीर झाला, तरी हाक मारली. शनिवारी चारला ते येणार आहेत, तू पण ये. मागं बस, काही बोलू नकोस.

तुझी,
मॅडम