आडनाव बाजूला ठेवा, गाव सांगा

मॉरिशसला गेलेल्या पूर्वजांबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातल्या चार प्रश्नांची उत्तरं इथे देतो.

खापरपणजोबांचे धाकटे भाऊ उसाच्या मळ्यात कामाला मॉरिशसला गेले ते परतले नाहीत, एवढंच आजी सांगायची. आडनाव माहीत आहे. शोध कुठून सुरू करू? (लालबाग)

आडनाव आधी बाजूला ठेवा. 1834 ते 1910 या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून करारावर तिकडे गेली. बहुतेक कलकत्त्याहून, मग मद्रासहून, आणि आपल्या मुंबई बंदरातून त्यामानाने थोडी. पोर्ट लुईला उतरलेल्या माणसाला नंबर मिळे, आणि वहीत त्या नंबरापुढे त्याचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव आणि जहाज अशी नोंद होई. तिथे माणूस ओळखला जाई तो स्वतःच्या आणि बापाच्या नावाने. या वह्या आज मॉरिशसमधल्याच मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत.

म्हणून तुम्हाला हवं आहे ते त्यांचं नाव, बापाचं नाव आणि गाव. घरात कोणाला आठवत नसेल तर गावच्या जमिनीचे जुने फेरफार काढा. नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंची घराणी नोंदवून ठेवणाऱ्या तीर्थक्षेत्रीच्या गुरुजींच्या वहीत तुमच्या घराण्याचं पान असण्याची शक्यता चांगली आहे. तिथे आडनाव आणि गाव सांगितलं की गुरुजी स्वतः पान काढून देतात.

गावाच्या बाबतीत मात्र धीर धरा. कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं आहे. इंग्रज आपल्या 'ड'च्या जागी बरेचदा 'र' लिहीत, त्यामुळे सावंतवाडी कागदावर 'सावंट वारी' होते. रत्नागिरीची 'रटनाघेरी', ठाण्याचं 'टॅना'. 'सेव्हर्नड्रूग' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस नकाशावर शोधत बसलो होतो. शेवटी मोठ्याने म्हणून पाहिला आणि लख्ख कळलं, सुवर्णदुर्ग! रत्नागिरी जिल्ह्यातले जुने तालुके किल्ल्यांच्या नावाचे होते: सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग. दापोलीकडचा माणूस सुवर्णदुर्गात सापडेल. आणि सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला, त्यामुळे मालवणची माणसं रत्नागिरीखाली पाहा. नोंदीची प्रत मिळाली की ती गावच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. डोळ्यांना न लागलेलं वाडीचं नाव कानाला लागतं.

मॉरिशसहून एका गृहस्थांनी संपर्क साधला. आडनाव 'सखाराम', म्हणतात आम्ही मूळचे मराठी. हे कसं? (डोंबिवली)

अगदी शक्य आहे. तिकडे आजोबा-पणजोबांचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. त्यांच्या घरात कधीकाळी कोणी सखाराम उतरला असणार. घरातल्या जुन्या जन्म-विवाहाच्या दाखल्यांवर त्या सखारामाचा नंबर आहे का, हे त्यांना पाहायला सांगा. नंबर हाती आला की मोक्यातली नोंद मिळणं सोपं, आणि 1860 नंतरच्या काळातली असेल तर कदाचित फोटोही मिळेल. त्या फोटोंतली माणसं कॅमेऱ्याकडे सरळ बघत असतात. आपल्या माणसाचा चेहरा असा समोर आला की हात थरथरतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या एका पूर्वजाला 'काळ्या पाण्यावर' धाडलं होतं. म्हणजे अंदमानच ना? (गिरगाव)

साल सांगा, मग बेट ठरेल. अंदमानची वसाहत सुरू झाली मार्च 1858 मध्ये. त्याआधीचा कैदी असेल तर सिंगापूर, पिनांग, मलाक्का यांचा विचार करावा लागेल. आणि 1815 ते 1837 मधला असेल तर पुन्हा मॉरिशसच! त्या वर्षांत मुंबई आणि बंगाल इलाख्यांतून कैदी तिकडे नेले, त्यांच्याकडून रस्ते बांधून घेतले. चार्ल्स डार्विन 1836 साली तिथे उतरला होता. हे कैदी पाहून त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यामोहऱ्याने तो थक्क झाला, तसं त्याने लिहून ठेवलं आहे.

घरात या माणसाचं नाव दबक्या आवाजात घेतलं जात असेल, तर कृपा करून ते मोठ्याने घ्यायला लागा. पोटासाठी केलेल्या चोरीलाही तेव्हा समुद्रापारची शिक्षा होई.

मुंबईत काही मिळेल का? (मुलुंड)

मिळेल. फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार गाठा. मुंबई सरकारच्या जुन्या खात्यांचे कागद तिथे आहेत. नावानिशी यादी हाती पडेल या आशेने जाऊ नका. जहाज आणि साल घेऊन जा. जोडीला 1838 पासूनच्या 'बॉम्बे टाइम्स'मधल्या जहाजांच्या बातम्या चाळा. मोक्याच्या नोंदीतलं जहाज मुंबईहून कोणत्या आठवड्यात सुटलं, हे तिथे सापडू शकतं. घरच्या पेटीत मोडीतले कागद निघाले तर ते आधी वाचून घ्या, मग फोर्टला या.