स्पॅनिश येतं, पण बोलता येत नाही

स्पॅनिश शिकणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. मी स्वतः ४३ व्या वर्षी ही भाषा शिकायला घेतली आणि आज ती शिकवते. त्यामुळे ही उत्तरं पुस्तकातून कमी आणि माझ्या वह्यांतून जास्त आली आहेत.

प्रश्न : माझं वय ४९. दीड वर्ष रोज न चुकता मोबाइलवर स्पॅनिशचे धडे करतो. वाचलेलं बरंचसं कळतं. मागच्या महिन्यात एका ऑनलाइन मीटिंगनंतर मेक्सिकोतल्या सहकाऱ्याशी बोलायची संधी आली आणि 'ओला'च्या (हॅलो) पुढे शब्दच फुटेना. हे वयामुळे होतंय का? क्लास लावू का?

उत्तर : वयाला दोष देऊ नका. लहान मुलांना उच्चार सहज साधतात हे खरं. पण सुरुवातीच्या काळात व्याकरण आणि शब्द मोठी माणसं मुलांपेक्षा लवकर उचलतात, हे अभ्यासकांना वारंवार दिसलं आहे. तुमची अडचण दुसरीच आहे. दीड वर्षात तुम्ही शब्द ओळखायला शिकलात. चार पर्यायांतून बरोबर शब्द टिपणं वेगळं आणि समोर माणूस वाट बघत असताना तोच शब्द तोंडात येणं वेगळं. दुसऱ्या कामाचा सराव तुम्ही अजून केलेलाच नाही, मग ते जमेल कसं?

माझंही असंच झालं होतं. दोन वर्षं क्लास, दोन जाड वह्या, सगळी क्रियापदं पाठ. मग अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातल्या एका निवृत्त शिक्षिकेशी ओळख झाली. आठवड्यातून दोनदा फोनवर बोलायचं ठरलं, अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास इंग्रजी. तिच्याकडे रात्र असायची, माझ्याकडे पहाट. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, 'दे दोंदे सोस?' म्हणजे तू कुठली. मला त्याच अर्थाचं 'दे दोंदे एरेस' शिकवलेलं. 'सोस' कानावर पडलं आणि मी गप्प. तिने तोच प्रश्न तीनदा विचारला, मी तीनदा 'सी' (हो) म्हटलं. फोन ठेवल्यावर रडू आलं. त्या दिवशी माझ्याकडे शब्दांची कमी नव्हती. 'मला कळलं नाही, हळू सांग' हे एक वाक्य तेवढं तोंडात तयार नव्हतं.

म्हणून तुम्ही आधी दुरुस्तीची वाक्यं तयार करा. 'मास देस्पासिओ, पोर फाबोर' – जरा हळू. 'कोमो से दीसे...?' – याला काय म्हणतात? 'किएरेस देसीर के...?' – म्हणजे तुला असं म्हणायचंय का की...? आणि विचार करायला वेळ मिळवून देणारे 'पुएस', 'ओ सेआ', 'एस के'. आपण 'म्हणजे', 'त्याचं काय आहे', 'अगं, झालं असं' म्हणतो तसेच हे. उच्चारायला अडखळू नये इतक्या वेळा ते मोठ्याने म्हणा. संभाषण बहुतेक वेळा तुटतं ते चुकीच्या क्रियापदामुळे नाही, मधल्या शांततेमुळे. ही शांतता भरता आली की समोरचा माणूस थांबतो, मदत करतो.

शब्द आठवला नाही तर इंग्रजीत उडी मारू नका, त्या वस्तूभोवती फिरा. मला एकदा छत्रीचा शब्द सुचेना. मी म्हटलं, 'ऊना कोसा पारा ला युबिआ', पावसासाठीची एक वस्तू. ती पलीकडून आनंदाने ओरडली, 'पाराग्वास!' मग तिनेच फोड करून दिली : पाणी अडवणारं ते पाराग्वास. तो शब्द मला पुन्हा कधीच पाठ करावा लागला नाही. वहीतले दोनशे शब्द मी विसरले असेन, शोधत शोधत मिळालेला हा मात्र पक्का राहिला.

अनोळखी माणसाशी पहिली दहा मिनिटं काय बोलणं होतं याचा अंदाज बांधता येतो. कुठली, काय करतेस, घरी कोण कोण, स्पॅनिश का शिकतेस. या चार प्रश्नांवर प्रत्येकी दोन मिनिटं बोलायची तयारी करा. लिहून काढू नका, बोलून तयारी करा. आज बोललेलं उद्या पुन्हा बोला, परवा पुन्हा, दरवेळी थोड्या कमी वेळात. तिसऱ्या दिवशी वाक्यं आपोआप जुळायला लागतात, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत बघितलं आहे.

क्लासचं म्हणाल तर, ज्या क्लासमध्ये तासातला निम्मा वेळ तुम्ही बोलणार असाल तो लावा. बाकीचं व्याकरण तुम्हाला एकट्याला जमेल असं तुमच्या पत्रावरूनच दिसतं.

प्रश्न : माझं पुस्तक इंग्रजीत आहे. 'गुस्तार' (आवडणं) हे क्रियापद, दोन भूतकाळ आणि ते सबजंक्टिव्ह, तिन्ही डोक्यात बसत नाहीत. प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत करून मग स्पॅनिशमध्ये नेते. इतक्यात विषय बदललेला असतो.

उत्तर : या पत्राची मी वाटच बघत होते. तुम्ही लांबच्या रस्त्याने चालला आहात, आणि तो बंद करा असं मी अगदी आग्रहाने सांगेन. इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतून थेट या. तुम्हाला अवघड वाटणाऱ्या तिन्ही गोष्टी मराठी माणसाला जन्मापासून येतात.

'गुस्तार' घ्या. 'मे गुस्ता एस्ता कान्सिओन' – मला हे गाणं आवडतं. 'मे गुस्तान एस्तास कान्सिओनेस' – मला ही गाणी आवडतात. आवडणारी वस्तू एक की अनेक त्यावर क्रियापद बदलतं, आणि 'मी' इथे 'मला' होऊन बसतो. इंग्रजी बोलणाऱ्याला हे उलटं वाटतं, म्हणून त्यांच्या पुस्तकात यावर पानंच्या पानं असतात. तुम्हाला ती पानं लागतच नाहीत. 'मे पारेसे' – मला वाटतं. 'मे दुएले ला काबेसा' – माझं डोकं दुखतंय, किंवा कित्येक घरांत म्हणतात तसं, मला डोकं दुखतंय. आणि माझं सगळ्यात आवडतं : 'से मे कायो एल बासो'. माझ्या हातून पेला पडला. मी पाडला असं नाही, माझ्या हातून पडला. दोन्ही भाषांनी त्या माणसाला सारखंच सांभाळून घेतलंय, याचा मला अजूनही आनंद होतो.

दोन भूतकाळ. 'फुई' म्हणजे गेले. 'इबा' म्हणजे जायचे किंवा जात होते. काल समुद्रावर गेले : 'फुई'. लहानपणी दर रविवारी जायचे : 'इबा'. 'गेले' आणि 'जायचे' यांत तुम्ही आयुष्यात कधी गल्लत केली आहे का? मग इथेही होणार नाही, फक्त इंग्रजीला मध्ये घेऊ नका. काही क्रियापदांत तर मराठी आणखी मदत करते. 'साबीआ' – मला माहीत होतं. 'सुपे' – मला कळलं. 'कोनोसीआ' – मी ओळखत होते. 'कोनोसी' – माझी ओळख झाली. इंग्रजीतून शिकताना या क्रियापदांचा अर्थ बहुतेक वेळा 'know' असा एकच पाठ करतात आणि विद्यार्थी गोंधळतात. आपल्याकडे 'माहीत असणं' आणि 'कळणं' आधीच वेगळं आहे.

आता सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा, हेतू किंवा शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप. या नावाला घाबरू नका. आपल्याकडे 'यावं', 'कळावं', 'पडो' आहेतच. 'किएरो के बेंगास' – तू यावंस असं मला वाटतं. 'पारा के एन्तिएंदा' – त्याला कळावं म्हणून. 'ओहाला युएबा' – पाऊस पडो. हा 'ओहाला' अरबीतून स्पॅनिशमध्ये आला. इबेरियन द्वीपकल्पात (आजचे स्पेन आणि पोर्तुगाल) इ.स. ७११ ते १४९२ अशी जवळजवळ आठशे वर्षं अरबी भाषा वापरणारी मुस्लिम सत्ता कुठे ना कुठे होती, त्याच्या खुणा अशा शब्दाशब्दांत आहेत.

मराठी सगळीकडे साथ देत नाही, तेही सांगते, नाहीतर पुढे फसाल. 'तो येईल असं वाटत नाही' यात आपण भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिशला तिथेही सबजंक्टिव्हच लागतो : 'नो क्रेओ के बेंगा'. 'आहे'साठी त्यांच्याकडे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं आहेत, आपल्याकडे एकच. 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो माणूसच कंटाळवाणा आहे आणि 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे त्याला आत्ता कंटाळा आलाय. हा फरक वाक्यं ऐकून ऐकूनच अंगवळणी पडेल. लिंगं त्यांची दोन, आपली तीन. विशेषण बदलायची सवय आपल्याला आहेच, चांगला-चांगली तसं 'बुएनो-बुएना'. पण आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांची 'लुना' स्त्रीलिंगी. हात पुल्लिंगी, 'मानो' स्त्रीलिंगी, तेही शेवटी 'ओ' असून. म्हणून नाम कधी एकटं पाठ करू नका, 'ला मानो', 'ला लुना' असंच म्हणा.

प्रश्न : ते फार वेगाने बोलतात. लिहिलेलं वाचलं तर कळतं, तेच ऐकलं तर एक शब्द सुटा ऐकू येत नाही.

उत्तर : वेग हा तुमचा भास नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात स्पॅनिश बोलणारे सेकंदाला सरासरी ७.८ अक्षरं उच्चारताना आढळले, इंग्रजी बोलणारे ६.२. मात्र स्पॅनिशच्या एकेका अक्षरात माहिती कमी असते, त्यामुळे एकूण मजकूर साधारण सारख्याच गतीने पोचतो. म्हणजे तुम्हाला प्रत्येक अक्षर पकडायची गरज नाही.

खरी अडचण शब्द जोडले जाण्याची आहे. 'के बास आ आसेर?' (काय करणार आहेस?) हे चार शब्द कानावर 'केबासासेर' असे येतात. 'पारा'चं 'पा' होतं, 'एस्ता'चं 'ता'. स्पेनमध्ये 'कान्सादो'चा (दमलेला) 'कान्साओ' होतो. कॅरिबियन किनाऱ्यावर आणि दक्षिण स्पेनमध्ये अक्षराच्या शेवटचा 'स' विरून 'ह'सारखा उरतो. आपणही 'काय करतो आहेस' कुठे म्हणतो, 'काय करतोयस' म्हणतो.

उपाय कष्टाचा आहे, पण लागू पडतो. एक मिनिटाचं रेकॉर्डिंग घ्या ज्याचा लिखित मजकूरही मिळेल. मजकूर न बघता ऐका, ऐकू येईल ते लिहा, पुन्हा ऐका. मग मजकुराशी ताडून बघा आणि जिथे चुकलात तेवढाच तुकडा त्या आवाजाबरोबर मोठ्याने म्हणा, तो वेग येईपर्यंत. आठवड्याला एकच मिनिट करा, पण पूर्ण करा. मागे दोन तास मालिका लावून ठेवण्यापेक्षा हे एक मिनिट जास्त देऊन जातं, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : स्पेनचं स्पॅनिश शिकू की लॅटिन अमेरिकेचं?

उत्तर : ज्यांच्याशी बोलणार त्यांचं. वीस देशांची ती राजभाषा आहे, सगळ्यांचं मिळून एक स्पॅनिश शोधत बसू नका. रोसारिओच्या बाईंमुळे माझ्या तोंडी 'तू'च्या जागी 'बोस' बसला, 'तिएनेस'ऐवजी (तुझ्याकडे आहे) 'तेनेस', आणि 'यो मे यामो'चं (माझं नाव) 'शो मे शामो' झालं. माद्रिदच्या माणसाशी बोलताना त्याने काही अडलं नाही. 'उस्तेद' (आदराचं 'तुम्ही') मात्र नीट शिका. तो 'बुएस्त्रा मेर्सेद' (आपली कृपा) यावरून आला, म्हणून त्याचं क्रियापद तृतीय पुरुषी असतं. आपल्या तू-तुम्हीच्या सवयीने सगळीकडे लावू नका. कोलंबियाच्या काही भागांत घरच्या माणसांनाही 'उस्तेद' म्हणतात. समोरचा आपल्याला काय म्हणतो ते ऐका आणि तेच परत म्हणा.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघं शिकतो आहोत. दोघांचे उच्चार कच्चे. एकमेकांशी बोलून चुका पक्क्या होतील का?

उत्तर : बोला, रोज बोला. उच्चाराच्या दोनच गोष्टी सुरुवातीला सांभाळा. पहिली, त आणि द. ते आपलेच दंत्य त, द आहेत. इंग्रजीच्या सवयीने लोक 'गुस्टा' म्हणतात, ते 'गुस्ता' आहे. दुसरी, 'पेरो' आणि 'पेर्रो'. पहिल्यातला र आपलाच, अर्थ 'पण'. दुसऱ्यात जीभ थरथरते, अर्थ 'कुत्रा'. तो थरथरता र मला सात महिन्यांनी जमला, एका पहाटे फोनवर, अचानक. तोवर बोलणं थांबवलं नव्हतं.

दोघांत बोलताना एकमेकांना मध्ये तोडू नका. दहा मिनिटं संपल्यावर प्रत्येकाने दुसऱ्याच्या तीनच चुका सांगायच्या. ज्या चुकांवर एकमत होणार नाही त्या कागदावर लिहून ठेवा आणि महिन्यातून दोनदा तरी मातृभाषा स्पॅनिश असलेल्या कुणाला तरी दाखवा. रोसारिओच्या बाईंबरोबरच्या आमच्या फोनवर शेवटची पाच मिनिटं याच कामासाठी राखलेली असायची. ती माझ्या तीन चुका सांगायची, मी तिच्या इंग्रजीतल्या तीन. या चुकांच्या माझ्या पहिल्या वहीत 'सेर' आणि 'एस्तार'ची चूक एकूण एकेचाळीस वेळा लिहिलेली आहे. दुसऱ्या वहीत सहा वेळा.