घरच्या गायनासाठी प्रीॲम्प

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी मी घरीच खंजिरी भजने ध्वनिमुद्रित करतो. माइक शुअर एसएम५८ आहे. माइक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेसचा गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) पूर्ण वाढवल्यावर आवाजामागे खरखर येते. स्वस्तातला वेगळा प्रीॲम्प घ्यावा काय?

उत्तर : तूर्त घेऊ नये. प्रीॲम्प म्हणजे माइकचा क्षीण संकेत वाढवणारा भाग, आणि तो आपल्या इंटरफेसमध्ये असतोच; अडचण अशी की एसएम५८ हा डायनॅमिक माइक एका पास्कल दाबाला जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट देतो, त्यामुळे हळू गाणाऱ्या गळ्यासाठी सुमारे ६० डेसिबल गेन लागतो आणि तिथवर जाताना पुष्कळ स्वस्त इंटरफेसची दमछाक होते. आधी माइक तोंडापासून चार बोटांवर आणा. अंतर निम्मे केल्यास पातळी साधारण ६ डेसिबलने वाढते, आणि हा उपाय फुकटचा आहे. खंजिरी मात्र वेगळी मुद्रित करावी, कारण तिच्या थापेला इतका गेन सोसत नाही. तपासताना कूलर बंद ठेवा. विदर्भातल्या उन्हाळ्यात त्याचीच घरघर अनेकदा प्रीॲम्पच्या माथी मारली जाते. एवढे करूनही खरखर राहिली, तर इंटरफेसच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर (माइकच्या तारेतूनच मिळणाऱ्या विजेवर) चालणारा, २० ते २५ डेसिबल वाढवणारा छोटा इनलाइन बूस्टर, म्हणजे माइक व इंटरफेस यांच्यामध्ये जोडायचा वर्धक, घ्यावा. स्वस्त प्रीॲम्पपेक्षा माझी पसंती त्यालाच आहे.