लिनक्स मशीनवर 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड' येतं आणि सगळं लटकतं, दोनदा फॉरमॅट केलं तरी तेच. काय करावं?

दोनदा फॉरमॅट केलं हे वाचलं आणि राहवलं नाही. फॉरमॅटने हे जाणारच नाही. आयआरक्यू म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला हाक (इंटरप्ट) मारायची लाईन; १६ नंबरवर हाक आली पण कोणीच ती आपली मानली नाही, एवढंच ती ओळ सांगते.

मी एका साखर कारखान्यात वजनकाट्यावरचे कॉम्प्युटर बघायचो. २०१३ चा गळीत हंगाम, नवं मशीन, काट्याच्या इंडिकेटरसाठी (वजन दाखवणारा डबा) बोर्डावरच्या पीसीआय स्लॉटमध्ये, म्हणजे जादा कार्डाच्या खाचेत, सिरीयल कार्ड. दोन-तीन दिवसांआड, बहुतेक रात्रीच, स्क्रीन गोठायची, डिस्क रीड-ओन्ली व्हायची आणि पावती बंद. बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग, उभ्या गाडीत ऊस वाळतो म्हणजे शेतकऱ्याचंच वजन घटतं, आणि आमच्या सिनियरचं एकच, फॉरमॅट मार. दोनदा मारला. तिसऱ्यांदा मी नाही म्हणालो, त्यावरून काट्यावर सगळ्यांदेखत वाजलं आमचं.

त्या रात्री प्रॉक-इंटरप्ट्स (कुठल्या लाईनवर कोण आणि किती हाका, हे दाखवणारी लिनक्सची फाईल) दर सेकंदाला दिसेल असं लावून बसलो. पहाटे काट्यावर गाडी नाही, कीबोर्डला हात नाही, आणि १६ नंबरचा आकडा एकदम लाखाने उडाला, पुढच्या सेकंदाला तिथेच थांबला. डीमेसेजमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या संदेशांत, तुमचीच ओळ, खाली 'डिसेबलिंग आयआरक्यू १६'.

१६ वर कार्ड आणि डिस्क कंट्रोलर दोघं एकत्र होते. नव्या बोर्डांवर पीसीआय स्लॉट बहुतेक एका ब्रिज चिपमागे असतो, तिने इंटरप्ट लागला की एक निरोप आणि सुटला की दुसरा पाठवायचा असतो. आमची चिप सुटल्याचा निरोप कधीकधी पाठवायचीच नाही. मग कर्नल (लिनक्सचा गाभा) पुन्हा पुन्हा दोन्ही ड्रायव्हरना विचारतो, दोघंही माझा नाही म्हणतात, आणि एक लाखातले ९९,९०० बेवारस निघाले की तो ती लाईनच बंद करतो. त्यात बिचारी डिस्कही गेली.

बोर्डावर कॉम पोर्टाच्या (बोर्डाचाच सिरीयल पोर्ट) नऊ पिना मोकळ्या होत्या, त्याला ब्रॅकेट लावून इंडिकेटर तिथे जोडला. त्याला ४ नंबरची स्वतःची लाईन मिळते. कार्ड काढून टाकलं. हंगाम संपेपर्यंत मशीन एकदाही अडकलं नाही, आणि इन्स्टॉलेशन तेच, जे सिनियरना उडवायचं होतं. तरी रजिस्टरला त्यांनी 'री-इन्स्टॉल करून चालू' लिहिलं. ते खोटं आहे, आजही सांगतो.

तुम्ही प्रॉक-इंटरप्ट्समध्ये १६ वर कोण कोण आहे ते बघा, वरून लावलेली कार्डं एकेक काढा नाहीतर स्लॉट बदला, बायोस अपडेट करा. कर्नल त्याच ओळीत आयआरक्यूपोल हा बूट करतानाचा ऑप्शन सुचवतो, पण त्याने मशीन मंदावतं, शोधापुरताच वापरा. लॅपटॉप असेल तर काढण्यासारखं काही नसतं, तिथे बायोस आणि कर्नल अपडेट एवढंच हातात. आणि हो, विंडोजवर 'डीपीसी वॉचडॉग' ही निळ्या स्क्रीनची एरर येणाऱ्यांनी हे वाचून कार्डं उपटू नका, तिथे आधी ड्रायव्हर बघायचा, लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर वेळ खातो ते दाखवणारा प्रोग्रॅम) लावून.

आणि पुन्हा कोणी फॉरमॅट मारायला निघालाच तर आधी बॅकअप घ्या आणि स्क्रीनवरच्या ओळींचा मोबाईलने फोटो काढा. लॉग त्या फॉरमॅटमध्येच जातात, आमचे दोनदा गेले.