“मॅडम, मी मठ्ठ झालेय का?”

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्याकडे पहिल्या वर्षाची मुलं समुपदेशनासाठी येऊ लागतात. परभणी, हिंगोली, बीड, जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला शिकायला आलेली. बारावीला ऐंशी-नव्वद टक्के मिळवलेले आणि तोंडी एकच वाक्य: “काहीच कळंना, मॅडम. मी मठ्ठ झालेय का?”

त्यातल्याच एकीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तिला कावेरी म्हणू. गाव औंढा नागनाथजवळ. बीएस्सीला भौतिकशास्त्र, आणि दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावा लागतो म्हणून तत्त्वज्ञान.

एके दिवशी भौतिकशास्त्राच्या तासाला सरांनी विचारलं, उन्हाळा का येतो? हिनं पहिला हात वर केला. “पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून.” सर म्हणाले, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैत ती १५.२ कोटींवर असते. वर्ग हसला. त्याच आठवड्यात तत्त्वज्ञानाच्या तासाला अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम आला: सूर्य आजवर रोज उगवला, पण तेवढ्यावरून तो उद्या उगवेलच हे तर्कानं सिद्ध होतं का?

“तिकडं उत्तर चुकलं,” ती म्हणाली, “अन् इकडं तर उत्तरच नाही.”

मग तास चुकवणं, रात्री फोनवर रडणं. वडील येऊन विचारून गेले, “लेकराला परत नेऊ का?” मी म्हटलं, थोडे दिवस थांबा.

पहिल्या दोन भेटी रडण्यातच गेल्या, आणि त्या तशा जाऊ द्याव्यात. तिसऱ्या भेटीत मी अभ्यासाचं नावच काढलं नाही, घरच्या गप्पा काढल्या. आजी घड्याळ बघत नाही, अंगणातल्या खांबाच्या सावलीवरून वेळ सांगते, असं ती सहज बोलून गेली.

“सावली वर्षभर सारखीच असते?”

“नाही ना. थंडीत भर दुपारीही जवळजवळ खांबाएवढी लांब असती. मे महिन्यात बुडातच जाती.”

“का गं?”

ती गप्प झाली. मीही गप्प बसले. मला त्यातलं फारसं कळत नाही, मी कलाशाखेची. बऱ्याच वेळानं तिनं मोबाइलची बॅटरी लावून टेबलावर सरळ धरली. लहानसा गोल, लख्ख. मग हात तिरका केला. गोल लांबट झाला, फिका पडला.

“मॅडम... तिरकं ऊन पसरतं. म्हणून थंडीत तापत नाही. जवळ-लांबचा सवालच नाही! पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललीय, म्हणून!”

साडेतेवीस अंश तिला शाळेपासून पाठ होते. अंगणातला खांब त्याहून आधीपासून माहीत होता. दोघांची गाठ त्या दिवशी माझ्या टेबलावर पडली. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच आले, आणि त्या वेळी आपण मध्ये बोललो नाही याचं मला आजही समाधान आहे.

मला यातून उमगलं ते असं. तिला वर्गाचं हसू लागलं खरं, पण तिला पाडलं ते ‘चुकलं म्हणजे मठ्ठ’ या तिच्या स्वतःच्या निकालानं. बारावीपर्यंत अडखळणं म्हणजे गुण जाणं, हेच आपण मुलांना शिकवतो. आपल्याच तेरला गोरोबाकाकांनी भरल्या संतमेळ्यात नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, अशी आख्यायिका आहे. नामदेव दुखावले, आणि पुढे शिकायला विसोबा खेचरांकडे गेले, तेही औंढ्यालाच. कावेरीला मी ही आठवण दिली तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

पालकांनो, पहिल्या सत्रात मूल “कळत नाही” म्हणालं तर लगेच शाखा बदलू नका आणि “एवढी फी भरली” हेही काढू नका. नेमकं काय कळलं नाही, ते त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्या. पण जेवण-झोप बिघडली, मूल जिवाचं बरंवाईट बोलू लागलं, तर एक दिवसही न थांबता मदत घ्या.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात कावेरीचा गावाहून फोन आला. ती अंगणात उन्हात उभी होती, शेजारी आजी.

“मॅडम, बारा वाजले तेव्हा सावली होती. बारा अठराला गेली. सगळे म्हणतात बाराला सूर्य डोक्यावर येतो. कशावरून?”